काचेपलीकडची बाय

माइकसमोर बसण्याआधी बाय एक रिकामी खुर्ची ओढून घ्यायची आणि टेबलाच्या पलीकडे, अगदी आपल्या समोर मांडायची. मग त्या खुर्चीत कुणाला तरी बसवायची. गुजराती निवेदन असलं की वाशीच्या बाजारातल्या बटाट्याच्या व्यापाऱ्याची म्हातारी आई. कानडी असलं की तुर्भ्याच्या झोपड्यांतली एका गवंड्याची बायको. आगरी असलं की तिची स्वतःची सासू. नवीन कुणी चुकून त्या खुर्चीत बसायला गेलं, तर बाय म्हणायची, "उठा, तिथं मानूस बसलंय." आम्ही हसायचो. पण रेडिओवर तिचा आवाज लागला की ऐकणाऱ्याला वाटायचं, ही बाई फक्त आपल्याशीच बोलतेय.

नव्वदच्या दशकात नवी मुंबईत आमचं छोटंसं सरकारी रेडिओ केंद्र होतं. त्याचं नाव लिहीत नाही. आता ते नाहीही. बाजारात साताऱ्याकडचे माथाडी आणि गुजराती व्यापारी, इमारतींच्या कामावर कानडी मजूर, आणि ज्यांच्या भातखाचरांवर नि मिठागरांवर हे शहर उभं राहत होतं ते आगरी-कोळी, असा आमचा श्रोता. तीच सूचना पाच भाषांत द्यायची, हे आमचं काम. मी ड्यूटी ऑफिसर होतो. बाय हंगामी निवेदिका होती, महाप्याच्या कारखान्यांना लागून असलेल्या एका आगरी गावची.

इतक्या भाषा कुठे शिकलीस, असं मी तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. वडील एका गुजराती शेठच्या मिठागरावर कामाला, म्हणून गुजराती. घराची जमीन गेल्यावर त्याच जमिनीवर मजुरांच्या पालांची वस्ती पडली, म्हणून कानडी. "भाषा शिकायची नसते साहेब," ती म्हणाली, "ज्याच्या घरी जेवलं, त्याची येते." मी बी.ए. केलेलं होतं आणि मला दीड भाषा येत होती, हे ती चारचौघांत सांगायची. अर्धी कुठली, असं कुणी विचारलं की म्हणायची, "मराठी."

माझ्या मराठीवर तिचा राग होता. मी मजकूर लिहायचो, 'नागरिकांनी कृपया नोंद घ्यावी.' ती कागद हातात धरून म्हणायची, "माझी सासू नोंद घेत नाय. सासू ऐकून घेते." पण नियम होता. मंजूर मजकुराबाहेर एक शब्दही प्रसारित करायचा नाही. करायचाच झाला तर ड्यूटी ऑफिसरच्या परवानगीनं. बाय कुरकुरायची आणि नियम पाळायची. हंगामी माणसाला ते भागच होतं.

ही परवानगी कशी द्यायची, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्टुडिओत ती, काचेपलीकडच्या खोलीत बटणांपाशी आम्ही; लाल दिवा लागला, म्हणजे माइक सुरू झाला, की आमचा आवाज तिच्यापर्यंत जात नाही. त्यामुळे आमची बोलणी हातानं आणि मानेनं चालायची. हात वर केला की सुरू कर. बोट गोल फिरवलं की आटप. ती काही वेगळं बोलू पाहत असली की भुवया उंचावून माझ्याकडे बघायची. मी मान हलवली तर बोलायची. नाही तर कागदावर परत.

हिवाळ्यातली ती दुपार. बाय बसमधून उतरून आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती सारखी खोकत होती. तिच्या गावालगतच्या एका कारखान्यात वायू सुटला होता. तेवढ्यात वरच्या कार्यालयातून फोन आला आणि मजकूर सांगण्यात आला: परिस्थिती नियंत्रणात आहे, नागरिकांनी घाबरू नये, घरातच थांबावे.

मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं वाचला आणि खाली ठेवला.

"साहेब, मी तिथनंच आलेय. वारा गावावर हाय. आमची घरं कौलांची, दार लावलं तरी वास आत येतो. आन मी त्यांना सांगू, घरान बसा?"

मी म्हणालो, आत्ता एवढंच वाच, मी वर फोन लावतो. फोन लावला. लागला नाही. तंत्रज्ञ जेवायला गेला होता, म्हणून बटणांवर मीच होतो. तिनं मराठी वाचलं, हिंदी वाचलं. आगरीची पाळी आली तेव्हा ती थांबली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तिनं पाहिलं, मग काचेतून माझ्याकडे. भुवया वर.

मी मान हलवली.

"बायांनो, मी तुमची बाय बोलतेय," ती म्हणाली. "घरान बसू नका. तोंडाला वलं फडकं बांदा, म्हाताऱ्यांना, पोरांना घ्या आन खाडीच्या अंगाला चला. चूल पेटवू नका. चला." मग तेच कानडीत, तेच गुजरातीत. माझं बोट बटणाजवळ होतं. आवाज बंद करायला एक क्षण पुरला असता. मी केला नाही.

गाव निघालं. हायवे ओलांडताना हिराजी नावाचा एक माणूस सायकलवर आईला घेऊन चालला होता. त्याला ट्रकनं उडवलं. म्हातारी वाचली, तो गेला. संध्याकाळी वारा फिरला, वास विरला. कारखान्याला लागून असलेल्या आळीत खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या मरून पडल्या होत्या. पण चौकशी कोंबड्यांची नव्हती. अफवा पसरवून घबराट कुणी केली, याची होती.

चौकशीत टेप वाजवली गेली. टेपवर तिचा आवाज होता. माझी मान टेपवर नव्हती.

परवानगी कुणी दिली, असं तिला विचारलं. मी बाजूच्याच खुर्चीत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "कोनी नाय," ती म्हणाली. "मीच बोलले." मग मला विचारलं. मी सांगितलं की मी त्या वेळी फोनवर होतो, माझं लक्ष नव्हतं. माझी बढती जवळ आली होती, मुलीचं लग्न ठरत होतं. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला देत आलो आहे.

जिन्यात मी तिला गाठलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं की कोंबड्या मेल्या म्हणजे तुझंच बरोबर होतं. ती पायऱ्या उतरत राहिली. "कोंबड्या मेल्या म्हनून हिराजी परत येत नाय, साहेब," ती म्हणाली. त्यानंतर ती केंद्रावर आली नाही. मला बढती मिळाली.

निवृत्तीनंतर मी जुईनगरला राहायला आलो. घरात रेडिओ ठेवला नाही. तरी दुपारी खिडकीशी बसलो की काचेत तिच्या भुवया उंचावलेल्या दिसतात आणि माझी मान आपोआप हलते. बायको विचारायची, "कुणाला हो म्हणताय?" तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता तीही नाही.

गेल्या पावसाळ्यात बाय गेल्याचं कळलं. दहाव्याला गेलो नाही, धीर झाला नाही. महिन्याभरानं गेलो, पण तिच्या घरी नाही. हिराजीच्या बायकोकडे गेलो. पार्वतीबाई आता म्हाताऱ्या झाल्यात. गावाच्या चारी बाजूंनी इमारती उठल्यात; त्यांचं घर तेवढं अजून बैठं आहे. ओट्यावर मासळी निवडत होत्या. मी कोण ते सांगितलं, आणि मग सगळं सांगितलं. बाय आपल्या मनानं बोलली नव्हती, तिनं विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं.

त्यांचे हात थांबले. हातातली मासळी त्यांनी खाली ठेवली.

"ती दर साली यायची. तो जेला त्या दिवशी. इथंच, या ओट्याव बसायची. काय बोलायची नाय. मी पन बोलायची नाय. मना वाटायचा, हिला कोनी सांगितला नवता, हिनं आपल्या मनानं माझा घर बुडवला. तहानलेली यायची, उन्हाची. मी कदी तिला पानी दिला नाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमी तवा सांगितला असता, तं पानी तरी दिला असता."

मी मान खाली घालून बसलो. त्यांनी पदराला हात पुसले, आत गेल्या आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.