लाल फुलीविषयी बाबांचं न छापलेलं पत्रक

तुमच्या गाडीच्या काचेवर, दुकानाच्या पाटीवर किंवा दवाखान्याच्या दारावर लाल फुली आहे का? असेल, तर ती लावायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?

प्रश्न उद्धट आहे, हे मला कळतं. तो माझा नाही, माझ्या बाबांचा आहे. आम्ही दिल्लीच्या करोल बागेत कपडे घ्यायला गेलो की बाबा एखाद्या औषधाच्या दुकानासमोर थांबायचे आणि गल्ल्यावरच्या माणसाला हाच प्रश्न हिंदीत विचारायचे. आई ओशाळून शेजारच्या साडीच्या दुकानात शिरायची. दुकानदार म्हणायचा, "अंकल, दवाई लेनी है या सिर्फ़ भाषण देना है?" मग बाबा खोकला नसताना खोकल्याच्या गोळ्या घ्यायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. आमच्या घरात खोकल्याच्या गोळ्या कधी संपल्या नाहीत.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात असिस्टंट होते. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. त्यांनी अकोल्याहून येताना दोन गोष्टी आणल्या होत्या, आई आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत आजोबांनी जमवलेली पत्रकं होती. विहिरीच्या पाण्यासाठीची, मजुरीसाठीची, विहाराच्या जागेसाठीची, सभांची. शाळेत हिंदी आणि इंग्रजी चालायचं, म्हणून मी मराठी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. माझ्या वयाची मुलं चिमणीकावळ्याच्या गोष्टी वाचत होती तेव्हा मी 'जाहीर आवाहन' वाचत होते. बाबांनी मला पत्रकाचा एक नियम शिकवला होता. शेवटी वाचणाऱ्याने करायचं असं एक काम असलं पाहिजे. एकच, आणि त्याच्या हातून होण्यासारखं. "नाहीतर ते पत्रक नव्हे, रडगाणं," ते म्हणायचे.

मी दुसरी-तिसरीत असताना बाबांच्या सेक्शनमध्ये एक फाइल आली. जगातले देश एका नव्या चिन्हावर वाटाघाटी करत होते. युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांवर, त्यांच्या गाड्यांवर, तंबूंवर पांढऱ्या जमिनीवरची लाल फुली, म्हणजे रेड क्रॉस, असते. तिचा अर्थ एवढाच, की इथे गोळी झाडू नका. काही देशांना ती फुली एका धर्माची वाटली, म्हणून त्यांनी लाल चंद्रकोर घेतली. काहींना दोन्ही नको होत्या. तेव्हा कुणाच्याच देवाचं नसेल असं तिसरं चिन्ह हवं होतं.

मी विचारलं, "मग आपलं चक्र का नाही ठेवत?"

"आपलं झालं की ते दुसऱ्याचं राहत नाही," बाबा म्हणाले. "कुणाचंच नसलेलं शोधायचंय, म्हणून तर इतका वेळ लागतोय."

बाबा वाटाघाटींना कधी गेले नाहीत. साहेब जायचे. बाबा इथे बसून साहेबांसाठी टिपणं लिहायचे, आलेले मसुदे वाचायचे. सरकारी कागद ते घरी आणत नसत. पण डोक्यात राहिलेलं जेवताना बोलायचे. ज्या शब्दांवर भांडण आहे ते मसुद्यात चौकोनी कंसात टाकतात, हे मला तेव्हापासून माहीत आहे. देश सहमत झाले की कंस निघतो. कधी संपूर्ण परिच्छेद कंसात, कंसात आणखी कंस. आई म्हणायची, "आमच्या जाऊबाईंचं आणि माझं भांडण तुमच्या साहेबांकडे द्या, कंसात टाकतील."

आणखी एक रीत होती. मसुदा सगळ्यांकडे पाठवायचा आणि मुदत द्यायची. मुदतीत कोणी आक्षेप घेतला नाही, तर सगळ्यांना मान्य आहे असं धरायचं. मौन म्हणजे होकार. पत्रकांवर वाढलेल्या मला हे भयंकर वाटलं. "पण कोणी झोपला असेल तर?" मी विचारलं. बाबा हसले. "म्हणून तर झोपायचं नसतं."

नवं चिन्ह ठरत आलं तेव्हाचा एक रविवार मला अजून स्वच्छ दिसतो. कोपऱ्यावर उभा केलेला, आतून पोकळ लाल चौकोन. बाबांनी माझ्या ड्रॉइंगच्या वहीत तो माझ्याकडून रंगवून घेतला. आई बघून म्हणाली, "एवढ्या देशांनी बसून शेवटी चौकटचा एक्का काढला होय?" बाबांना हे इतकं आवडलं, की पुढे ते साहेबांसमोरही त्या चिन्हाला चौकटचा एक्का म्हणू लागले. मग त्यांनी मला फुली आणि चंद्रकोरही काढायला लावली. तिन्ही कागद हातात घेऊन आई बाल्कनीत उभी राहिली आणि आम्ही दोघं समोरच्या मैदानात उलटे उलटे चालत गेलो, कोणतं चिन्ह किती लांबून दिसतं ते बघायला. क्रिकेट खेळणारी मुलं खेळ थांबवून आमच्याकडे बघत होती. बस स्टॉपपाशी पोचलो तेव्हा चंद्रकोर म्हणजे नुसता लाल ठिपका झाली होती. फुली अजून दिसत होती. चौकोन मला दिसत होता, बाबांना नाही. त्यांना चष्मा लागला होता, पण त्यांनी तो अजून केला नव्हता. "दिसतोय का नक्की?" त्यांनी तीनदा विचारलं. तेवढ्यात बाल्कनीतून आई ओरडली, "दूध उतू चाललंय, मी जाते! तुमचं युद्ध थांबवा!" आणि तिन्ही चिन्हं एकदम नाहीशी झाली.

त्या फाइलवरच्या टिपणात बाबांनी स्वतःच्या मनाने एक परिच्छेद घातला होता. नवं चिन्ह येईल, पण आपल्याकडे जुन्याचं काय झालंय ते पाहा, असा त्याचा आशय. औषधाची दुकानं, डॉक्टरांच्या गाड्या, खासगी अँब्युलन्स, खेळण्यातले औषधांचे डबे, सगळीकडे फुली रंगवलेली आहे. आपल्या देशात याविरुद्ध कायदा आहे, तो कोणाला माहीत नाही. शांततेत जे चिन्ह कोणीही लावतं, त्यावर युद्धात कोणी विश्वास का ठेवावा? साहेबांनी परिच्छेदावर आडवी रेघ मारली. ही देशांतर्गत बाब आहे, वाटाघाटींशी संबंध नाही. चिन्ह मंजूर झालं, फाइल बंद झाली, साहेबांची बदली झाली. बाबांच्या मनातून तो परिच्छेद काही गेला नाही.

मी कॉलेजात गेल्यावर बाबांनी एक दिवस मला जवळ बसवलं. त्या परिच्छेदाचं त्यांना पत्रक करायचं होतं. "सरकारी नोकराला स्वतःच्या नावाने काढता येत नाही. तुझ्या नावाने काढू. तू लिही, तुझी भाषा माझ्यापेक्षा धारदार आहे."

मी तेव्हा आठवड्याला एक पत्रक काढत होते. वसतिगृहाच्या फीविरुद्ध, गटारात उतरवल्या जाणाऱ्या माणसांसाठी, शिष्यवृत्ती अडवणाऱ्यांविरुद्ध. मी हसले. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, ते विसरायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. "बाबा, लोक मरताहेत आणि मी केमिस्टच्या पाटीच्या रंगावर पत्रक काढू? हे रंगकाम आहे, राजकारण नाही."

"बिल्कुल," ते म्हणाले. "रंगकामच आहे." आणि चष्मा पुसू लागले. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. दिल्लीत ते दिवस ज्यांनी काढले त्यांना मी काय सांगू? मी आणि माझी एक मैत्रीण तिच्या जुन्या पांढऱ्या व्हॅनमधून घरोघरी जेवणाचे डबे पोचवत होतो. नाक्यानाक्यावर बॅरिकेड. पाससाठी अर्ज केला होता, तो येत नव्हता. मैत्रिणीकडे आमच्या फलकांसाठी आणलेलं लाल रेडियम उरलं होतं. गाड्यांवर नंबर चिकटवायला वापरतात ते. मी कात्री घेतली. दोन पट्ट्या, एक उभी, एक आडवी. पाच मिनिटांत व्हॅनच्या काचेवर फुली झाली.

मला ते चूक वाटलं नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. उलट अभिमान वाटला. कायदा आंधळा आहे, आमचं काम खरं आहे, असं मी मैत्रिणीला म्हणाले. शिपाई लांबूनच हात हलवून जाऊ द्यायचे.

व्हॅन आमच्या बिल्डिंगखाली उभी असायची. पहिल्याच दिवशी बाबा बाल्कनीत आले, खाली बघितलं, आत गेले. मी वाट बघितली की आता बोलतील. बोलले नाहीत. चार दिवस बोलले नाहीत. मी मौनाचा अर्थ होकार घेतला. जिथे सोयीचं असतं तिथे आपण सगळेच घेतो.

पाचव्या दिवशी दुपारी एका बॅरिकेडवर आम्हाला थांबवलं. शिपाई माझ्या वडिलांच्या वयाचा होता, मास्क घामाने भिजलेला. त्याने काचेवरून नख फिरवलं.

"मैडम, ये किसने दिया?"

"हम खाना बाँट रहे हैं, भैया."

"खाना बाँटो, पर ये क्यों लगाया? सुबह एक को पकड़ा, डिक्की में दारू थी, आगे यही निशान." त्याने रेडियमचं एक टोक उचकटलं, ते अर्धवट फाटलं. "अब आपकी वजह से असली वालों को भी रोकना पड़ेगा."

आम्हाला त्याने जाऊ दिलं. राहिलेलं रेडियम मी घरी येऊन खरवडलं. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. त्यांना सकाळपासून ताप होता.

तीन दिवसांनी त्यांचा श्वास लागला. अँब्युलन्स खासगी होती, ती मिळाली हेच नशीब. आईलाही ताप होता, म्हणून मी बरोबर बसले. त्याच रस्त्यावर, त्याच बॅरिकेडपाशी गाडी थांबली. पुढे दोन अँब्युलन्स उभ्या होत्या. प्रत्येकीचं दार उघडून आत बघत होते, कागद मागत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, शिव्या देत होता. किती वेळ गेला? वीस मिनिटं असतील. मी घड्याळ बघितलं नाही, सिलिंडरचा काटा बघत होते.

बाबांनी डोळे उघडले. मागच्या काचेवरची फुली आतून उलटी दिसत होती, म्हणजे तशीच, फुलीला उलटं नसतं. त्यांनी तिच्याकडे बोट केलं. मास्कमधून त्यांचे शब्द तुटक येत होते.

"हीसुद्धा... परवानगीची नाही. प्रायव्हेट आहे."

"बाबा, बोलू नका."

"ड्रायव्हरला... सांग. नंतर."

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "बाबा, मीपण लावली होती. आपल्या व्हॅनला."

"माहितीये," ते म्हणाले. "वाटलं... तू स्वतःच काढशील."

मग आमचा नंबर आला. दार उघडलं, शिपायाने आत डोकावलं, लगेच बंद केलं आणि हात हलवला. तो तोच होता की दुसरा, मला सांगता येणार नाही.

हॉस्पिटलात चौथ्या दिवशी बाबा गेले. डॉक्टरांना मी त्या वीस मिनिटांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, फुप्फुसं आधीच गेली होती, वीस मिनिटांनी फरक पडला नसता. त्या खोटं बोलल्या असतील असं मला वाटत नाही. पण पुढच्या आणि मागच्या अँब्युलन्समध्ये कोण होतं, त्यांना किती मिनिटांनी फरक पडला, हे मी कोणत्या डॉक्टरला विचारू?

सरकारी क्वार्टर रिकामं करायची मुदत आली तेव्हा मी पत्र्याची पेटी उघडली. आजोबांच्या पत्रकांवर सगळ्यात वर बाबांच्या अक्षरातला एक कागद होता. पाठीमागे माझा लहानपणीचा लाल चौकोन, रंग रेषेबाहेर गेलेला. पुढच्या बाजूला त्यांनी पत्रक लिहून काढलं होतं. मी नाही म्हटल्यावर स्वतःच. भाषा टिपणासारखी, सावध, एकही शिवी नाही. जिथे त्यांना खात्री नव्हती तिथे चौकोनी कंस. शीर्षक कंसात. माझं नाव कंसात. आणि शेवटचं वाक्य, पत्रकात असलंच पाहिजे असं ते एक काम, तेही कंसात. माझी सहमती यायची राहिली होती ना.

मुदत उलटून गेली आहे, बाबा. तरी कंस काढते.

वाचणाऱ्या बंधुभगिनींनो, ते वाक्य असं आहे: आज तुमच्या गाडीवर, दुकानावर, दवाखान्यावर लाल फुली असेल तर ती स्वतःच्या हाताने खरवडून काढा, किंवा तिच्यावर हिरवा रंग द्या. तुमच्याकडे नसेल तर तुमच्या गल्लीतल्या एका औषधवाल्याला जाऊन सांगा. तो हसेल. खोकल्याच्या गोळ्या घ्या आणि पुन्हा सांगा.