न वळलेलं स्टेअरिंग

ती घटना आठवली की आजही मला माझ्याच अक्षराची लाज वाटते. मी तेव्हा नगर रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथे काम करणारी मुलं-मुली कोथरूडहून, कुठून कुठून कंत्राटी बसने येत. इमारती नव्या, कॉम्प्युटर नवे, बस मात्र दुसरीकडे पुरेपूर वापरून झालेल्या. पांढरा रंग मारला की त्या नव्या ठरत.

एका सकाळी अशीच एक बस खराडीच्या वळणावर वळलीच नाही. सरळ फुटपाथवर चढली, हार विकणाऱ्या एका बाईंना धक्का देऊन भिंतीवर आदळली. बाई वाचल्या, पण पाय मोडला. चालक पन्नाशीचा, वाघोलीचा. बावीस वर्षांत त्याच्या नावावर साधा एक अपघात नव्हता. ठाण्यात आणला तेव्हा तो एकच सांगत होता, "साहेब, स्टेरिंग जाम झालं. दोन्ही हातांनी वढलं, वळलंच न्हाई."

चालक काहीतरी सांगतातच. ब्रेक लागला नाही, कुत्रं आडवं आलं, समोरच्याने लाइट मारली. वैद्यकीय तपासणीत दारू निघाली नाही, तेव्हा त्याला डुलकी लागली असं आम्ही धरलं. घटनास्थळाचा पंचनामा मी स्वतः लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'वाहनात सकृद्दर्शनी कोणताही यांत्रिक बिघाड दिसून आला नाही.' हे लिहिण्यासाठी मी बसखाली वाकलो नव्हतो. नवा पंचनामा लिहिताना जुना समोर ठेवायची आमच्याकडे सवय होती, आणि जुन्यात ते वाक्य होतं. त्याच्या आधीच्यातही होतं. पंचांनी सह्या केल्या. पंच कधी वाचत नाहीत.

बस क्रेनने ठाण्याच्या आवारात आणली. दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकांनी तपासली. स्टेअरिंग हलकं करणाऱ्या तेलाची टाकी भरलेली, स्टेअरिंग वळतंय. त्यांचा अहवालही माझ्या वाक्याला धरूनच आला.

तिसऱ्या दिवशी चालकाला पुन्हा जबाबासाठी बोलावलं आणि दोन्ही कागद वाचून दाखवले. त्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "सरकारी कागदावर तसं आसंल तर मलाच डुलकी लागली आसंल. लिवा साहेब."

म्हणजे गुन्हा कबूल; कोर्टातही तो हेच सांगणार. शिक्षा होणार, लायसन्स जाणार, आणि गाडी चालवण्यावाचून दुसरं काही त्याला येत नव्हतं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. प्रकरण मिटलं. पण सही करताना त्याने पेन थांबवलं आणि विचारलं, "साहेब, झोपलेल्या माणसाचं दंड दुखत्यात का वो? माझं आजून दुखत्यात."

मी बोटाने सहीची जागा दाखवली.

चौथ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बसमधली एक मुलगी बोलत होती; चालकाच्या डुलकीची बातमी तिने पेपरात वाचली होती. "सर, मी ड्रायव्हरकाकांच्या अगदी मागे बसले होते. ते झोपले नव्हते. अहो, ते सीटवरून अर्धे उठून स्टेअरिंग ओढत होते! आणि आठवडाभर टर्न घेताना गाडी विचित्र ओरडायची, कुंई करून. आम्ही त्यावर जोक्स मारायचो."

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

बरोबर होतं. अपघात झाल्यावर मुलांना ऑफिसच्या दारात वेळेत कार्ड दाखवायचं होतं, ती रिक्षा करून निघून गेली. आम्हाला पंचनामा उरकायचा होता, आम्ही त्यांना जाऊ दिलं. एकाही प्रवाशाचा जबाब माझ्या फाइलमध्ये नव्हता.

नशिबाने त्या दिवशी आमच्या मोटार परिवहन विभागातले एक हवालदार ठाण्याच्या जीपचं काम काढून आले होते. जुन्या गाड्या हाताळण्यात आयुष्य गेलेला, तोंडाने तिखट माणूस. मी त्यांना बसकडे नेलं. त्यांनी स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडून बोट बुडवलं.

"साहेब, गाडी अपघातानंतर चालली का?"

"नाही. क्रेनने आणली."

"मग हे तेल लालभडक कसं? जुन्या गाडीतलं तेल काळं पडतं. हे कोणीतरी इथे उभ्या गाडीत ओतलंय. तुमच्या नाकाखाली."

 नाक माझंच होतं.

वरिष्ठांची परवानगी घेतली, निरीक्षकांना पुन्हा बोलावलं, दोन पंच आणले आणि या वेळी त्यांना बसखाली वाकायला लावलं. पुढच्या चाकापाशी सगळं तेलकट होतं. हवालदारांनी बॅटरी मारून दाखवलं, "हा शॉकअप गळतोय, पण त्याच्यावर धूळ बसलीय. ते जुनं दुखणं, त्याने धक्के बसतील, स्टेअरिंग जाणार नाही. आपल्याला ओलं शोधायचंय." त्यांनी पंप, पाइप, स्टेअरिंगची पेटी, सगळं चिंधीने कोरडं पुसून घेतलं. मग म्हणाले, "कॅरमची पावडर आहे का?"

ठाण्याच्या विश्रांतीच्या खोलीत कॅरम होता. एका शिपायाने पावडरचा डबा आणला. हवालदारांनी ती सगळीकडे भुरभुरली, इंजिन चालू करायला सांगितलं आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून तिथेच दाबून धरायला लावलं. दोन मिनिटं काहीच नाही. मग पंपाकडून येणाऱ्या जाड पाइपावर एक लाल रेघ उमटली आणि बघता बघता थेंब पडायला लागले. त्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळली होती. टाकीतलं तेल बोटभर खाली गेलं. स्टेअरिंग धरलेला शिपाई वरून ओरडला, "साहेब, जड येतंय!"

आता तेल कोणी भरलं? ठाणे अंमलदाराची डायरी चाळली. अपघाताच्या दिवशीच संध्याकाळी बसच्या मालकाचा मिस्त्री 'बसमधील साहित्य नेण्यासाठी' आवारात येऊन गेल्याची नोंद होती. परवानगी आम्हीच दिली होती.

मिस्त्रीला बोलावलं. तो मालकाने पढवलेला होता. तेल माहीत नाही, गळती माहीत नाही, पाइप माहीत नाही. तासभर मी कायदा सांगितला, त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही. हवालदार कोपऱ्यात जीपचे नटबोल्ट पुसत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "साहेब, सोडा त्याला. ज्या गाढवाने प्रेशरच्या पाइपाला सायकलची ट्यूब बांधली, त्याला मिस्त्री म्हणणं म्हणजे धंद्याचा अपमान आहे."

मिस्त्री ताडकन उठला. "ओ हवालदार, गाढव कुणाला म्हणता? मला कळत न्हाय का प्रेशर काय असतं ते? तीन आठवडे नवा पाइप मागतोय मी! शेडमधल्या फळ्यावर लिवलंय, जाऊन बघा की. मालक म्हणले, बांध आन् तेल टाकत जा."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. तो खाली बसला आणि मग सगळं सांगितलं. अपघातानंतर तेल भरायलाही मालकानेच पाठवलं होतं. माणूस गुन्हा दडवील, मालकासाठी खोटंही बोलेल, पण आपल्या हातचं काम वाईट ठरू देणार नाही. पुढच्या नोकरीत हे ज्ञान मला फार उपयोगी पडलं.

आम्ही तडक शेडवर गेलो. फळ्यावर प्रत्येक बसचं राहिलेलं काम खडूने लिहायची तिथली रीत होती. आमच्या बसच्या नंबरापुढे 'स्टेरिंग पाइप बदलने' असं लिहिलेलं, आणि त्याखाली तीन वेळा 'अर्जंट'. मालकाला ते पुसायचंही सुचलं नव्हतं. आम्ही तो फळाच जप्त केला.

राहिला माझा पंचनामा. वरिष्ठ म्हणाले, "स्वतःची चूक लेखी दिलीस तर मेमो मिळेल." मी दिली. यांत्रिक बिघाड नसल्याचं वाक्य वाहन न तपासता लिहिलं होतं, असं न्यायालयाला सादर केलं. मेमो मिळाला, तोही बराच सविस्तर. आरोपी म्हणून मालकाचं नाव लागलं आणि चालक त्यातून मोकळा झाला.

आम्ही जप्त केलेलं लायसन्स परत घ्यायला तो आला तेव्हा चेहऱ्यावर आनंद दिसेना. "साहेब, मला खरंच वाटाया लागलं व्हतं की मी झोपलो. घरात बी तसंच सांगितलं. आता दुसऱ्या मालकाची गाडी मिळतीय, त्येंच्या मानसानं आनून भाईर उभी केलीय, पर वळणाचा इचार आला की हात कापत्यात."

मी लायसन्स त्याच्या हातात ठेवलं. गुन्हेगार खोटं बोलतो हे पोलिसाला पहिल्याच वर्षी कळतं. निरपराध माणूस पोलिसाच्या कागदापुढे स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडून देतो, हे मला त्या माणसाने शिकवलं. त्यानंतर कोणी चटकन कबूल झाला की मी आधी माझाच कागद पुन्हा तपासायचो.

"चला मामा," मी म्हटलं, "मी बसतो शेजारी."

खराडीच्या त्याच वळणाशी त्याने वेग अगदी कमी केला, ओठ घट्ट मिटले आणि स्टेअरिंग फिरवलं. बस सहज वळली. थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "झालं, मला आता ठाण्यावर सोडा."

तो समोर बघत म्हणाला, "आजून एक फेरी मारू या की, साहेब."