गोव्याऐवजी हुबळी: वीस किलोमीटरची सुट्टी आणि एक खो-खोचा सामना

या ब्लॉगवर मी शेवटचं लिहिलं त्याला दीड वर्ष होऊन गेलं. मधल्या काळात तीन सहली आखल्या आणि तिन्ही रद्द केल्या, त्यामुळे लिहिणार तरी काय? गोव्याचं बुकिंग केलं तर सीमेवर कोरोनाचा रिपोर्ट मागायला लागले. कोल्हापूरला नणंदेकडे जावं म्हटलं तर परत येताना कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर बहात्तर तासांच्या आतला रिपोर्ट दाखवा, म्हणजे पाहुणचार सोडून रांगेत नाक वर करून उभं राहा. दांडेलीच्या रिसॉर्टवाल्यानं तर पैसे परत न करता 'पुढच्या लाटेनंतर या' असं सांगितलं. तेव्हा या खेपेला जे प्रवासवर्णन लिहिते आहे ते धारवाड ते हुबळी या प्रवासाचं आहे. अंतर वीस किलोमीटर, मुक्काम दोन रात्री. हसून झालं असेल तर पुढे वाचा.

आम्ही धारवाडला सप्तापुरात राहतो. मी कॉलेजात शिकवते, माझा नवरा सुधीर तारिहाळच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये आहे. अप्पा म्हणजे माझे सासरे, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आणि मुक्ता, आमची चौदा वर्षांची लेक, खो-खो खेळते. टाळेबंदीत मैदानं बंद झाली तेव्हा तिनं गच्चीवर सराव सुरू केला. खो-खोला दोन टोकांना दोन खांब लागतात. एक खांब अप्पा झाले. हात अंगाला चिकटवून, मान ताठ करून तासन् तास उभे राहायचे, आणि ती वळसा घालताना बिचकली की ओरडायचे, "खांब धर, वळ!" दुसरा खांब होण्यासाठी तिनं मला विचारलं होतं. मला ऑनलाइन तास होते. एकदा तास होते, एकदा पेपर तपासायचे होते, मग तिनं विचारणं सोडलं आणि रिकामा गॅस सिलिंडर वर नेला.

दुसरी लाट ओसरल्यावर हुबळीला आंतरशालेय सामन्यांची घोषणा झाली आणि मुक्ताची संघात निवड झाली. शनिवारी सकाळी दहाला सामना. शाळेच्या मैदानापलीकडे ती पहिल्यांदाच खेळणार होती, आणि अप्पांनी तिला शब्द दिला होता की ती खांबाला वळेल तेव्हा समोर तिचा अज्जा, म्हणजे आजोबा, दिसेल. नियमावली आली ती दोन पानांची. प्रत्येक खेळाडूमागे दोनच प्रेक्षक, दोन्ही डोस घेतल्याचं प्रमाणपत्र, बहात्तर तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट, बाहेरचं खाणं नाही, आणि ओरडायचं नाही, फक्त टाळ्या वाजवायच्या. सुधीरची शनिवारी पहिली पाळी होती, म्हणजे प्रेक्षक अप्पा आणि मी.

इथपर्यंत ठीक होतं. पण अप्पांनी टीव्हीवर क्रिकेटवाल्यांच्या 'बबल'बद्दल ऐकलं होतं. तपासणी करून परत धारवाडला यायचं, भाजीवाल्याशी बोलायचं, आणि शनिवारी जायचं, याला काय अर्थ आहे, असं त्यांचं म्हणणं. गुरुवारी हुबळीला जायचं, तिथेच तपासणी, तिथेच लॉजवर राहायचं, कुणाला भेटायचं नाही, थेट मैदानावर. मी म्हटलं, अप्पा, आपण काही भारताच्या संघात नाही. ते म्हणाले, तुला सुट्टी पाहिजे होती ना? झाली की सुट्टी.

गुरुवारी सकाळी अप्पा आणि मी निघालो; मुक्ता शनिवारी शाळेच्या संघाबरोबर येणार होती. सामान: दोन सुटकेसा, दशम्यांचा डबा, शेंगाचटणी, गरम पाण्याचा थर्मास, वाफाऱ्याचं यंत्र, आणि अप्पांची फाइल. हिचं वर्णन पुढे येईलच. धारवाडहून हुबळीला स्वतःच्या राखीव रस्त्यावरून जाणारी एसी बस मिळते, दर थोड्या वेळानं असते, तिकीट किरकोळ आहे, आणि बसायला जागा मिळाली तर मस्त प्रवास होतो. तेव्हा एक खुर्ची सोडून बसायचं होतं, त्यामुळे सुटकेसांनाही जागा मिळाली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "एल्ली होंटीरी?" कुठे निघालात? हुबळीला, असं मी सांगितलं. मग रेल्वेगाडी किती वाजताची, असा पुढचा प्रश्न आला. गाडी नाही, हुबळीलाच राहायला, असं म्हटल्यावर बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. रायापूर, नवनगर, उणकल. इतक्या वर्षांत मी हा रस्ता डुलक्या काढतच पार केला होता. या वेळी सहल म्हणून डोळे उघडे ठेवले, आणि खरं सांगते, रायापूरजवळची झाडं बघण्यासारखी आहेत.

जुन्या स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर लॉज मिळालं. खोल्या स्वच्छ, गरम पाणी सकाळी सहा ते आठ, दोन शेजारच्या खोल्या मिळून दिवसाला दोन हजारांच्या आत. मॅनेजरनं आधार कार्डावरचा पत्ता वाचला, आम्हा दोघांकडे बघितलं, पुन्हा पत्ता वाचला आणि अप्पांना बाजूला घेऊन हळूच कन्नडात विचारलं, घरात काही भांडण झालंय का? अप्पांनी त्याला बबल समजावून सांगितला. त्यात वीस मिनिटं गेली. शेवटी मॅनेजर दोन पावलं मागे सरकला, आणि आमच्या खोल्यांकडे पुढचे दोन दिवस कुणी फिरकलं नाही.

तपासणी केंद्रावर अप्पांनी नाकात काडी घालणाऱ्या मुलीला आधी आपली छत्तीस वर्षांची नोकरी सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाली, मान वर करा. काडी बाहेर आल्यावर अप्पांनी डोळे पुसले आणि रिपोर्ट कधी, एवढंच विचारलं. लग्न होऊन घरात आल्यापासून मी त्यांना इतकं थोडक्यात बोलताना ऐकलं नव्हतं.

शुक्रवार हा पर्यटनाचा दिवस. बबलचा नियम असा की उघड्यावर जायचं, माणसांपासून लांब राहायचं आणि काही विकत घ्यायचं नाही. सकाळी नृपतुंग टेकडीवर गेलो, तिथून सगळी हुबळी दिसते. संध्याकाळी उणकल तळ्याच्या काठी बसलो. मला समुद्र हवा होता, मिळालं तळं. दुधाची तहान ताकावर म्हणतात ती अशी. पण तिथल्या गाड्यावर गिरमिट आणि मिरची भजी होती. गिरमिट म्हणजे चुरमुऱ्यांना कांदा, चिंच-गूळ आणि मसाला लावून केलेला आमच्याकडचा मेवा, आणि त्याच्याबरोबर भजी नसली तर तो जेवणाचा अपमान समजतात. अप्पांनी बबलचा नियम वाचला, मनातल्या मनात दुरुस्त केला, आणि 'तळलेल्या पदार्थात विषाणू टिकत नाही' असा निकाल दिला. चार भजी खाल्ली. दुसऱ्या प्लेटीच्या वेळी नियमाची आठवणही निघाली नाही.

रात्री दोघांचे निगेटिव्ह रिपोर्ट फोनवर आले, मॅनेजरनं कागद छापून दिले, आणि अप्पांनी फाइल उघडली. आता तिचं वर्णन. आत आमची दोघांची लसीची प्रमाणपत्रं होती, तीन-तीन प्रतींत. अप्पांचा कागदावर विश्वास नाही, शिक्क्यावर आहे. त्यांच्या हाताखाली काम केलेला एक जण आता अधिकारी झालाय, त्याच्याकडून त्यांनी प्रत्येक प्रतीवर 'खरी प्रत' असा गोल जांभळा शिक्का मारून घेतला होता, वर हिरव्या शाईत सही, आणि वर लॅमिनेशन. मूळ प्रतींवरसुद्धा. शिक्का कुठे मारला होता? त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर, जो फोननं स्कॅन करतात. मी विचारलं तर म्हणाले, मजकुरावर शिक्का मारायचा नसतो, हा नियम आहे. आणि ती तर नक्षी आहे.

आता मी शिकलेली बाई, रोज ऑनलाइन तास घेणारी. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी काय केलं? फोटो काढून सुधीरला पाठवला आणि पोट धरून हसले. सुधीरनंही हसण्याची चार चित्रं पाठवली. दोघंही अति शहाणे.

शनिवारी साडेनऊला आम्ही मैदानाच्या फाटकाशी होतो. तिथे एक पी.टी. शिक्षिका फोन घेऊन उभ्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत होते. त्यांनी अप्पांच्या प्रमाणपत्रावर फोन धरला. लॅमिनेशन चमकलं. तिरका धरला. उलटा धरला. सावलीत नेला. दुसरी प्रत, तिसरी प्रत. "स्कॅन आगवल्दु री," अक्का म्हणाल्या. होत नाही. माझं प्रमाणपत्र माझ्या फोनवर होतं, ते एका क्षणात झालं. अप्पांचं सुधीरच्या नंबरावर काढलेलं. परत काढायचं तर त्याच्या फोनवर आलेला ओटीपी हवा, आणि सुधीरचा फोन तारिहाळला कारखान्याच्या लॉकरमध्ये दोन वाजेपर्यंत कुलूपबंद. मी सात वेळा लावला. सातही वेळा वाजून वाजून थांबला. मी अक्कांना शिक्का दाखवला, सही दाखवली, वय सांगितलं, नातं सांगितलं, शेवटी रडकुंडीला आले.

"नन्न कैयाग इल्ल री, अज्जा," अक्का अप्पांना म्हणाल्या. माझ्या हातात नाही. आणि त्यांचाही चेहरा पडला होता, मास्कवरूनही कळत होतं.

मला वाटलं अप्पा आता नियमावलीचं कलम काढतील. त्यांनी तिन्ही प्रती नीट फाइलमध्ये लावल्या, नाडी बांधली. "तिचं बरोबर आहे," ते मला म्हणाले. "मी पण परत पाठवलंच असतं. लोकांना पाठवलंय मी, एका कागदासाठी. तू आत जा. पोरीला आपलं कुणीतरी दिसायला पाहिजे की."

मी आत गेले. चुन्यानं आखलेल्या वर्तुळांमध्ये खुर्च्या होत्या, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. मुक्तानं मैदानातून बघितलं, मला बघितलं, मग खुर्चीकडे बघितलं. इतक्या लांबूनही तिचे खांदे पडलेले मला दिसले. सामना सुरू झाला. तिला खो मिळाला की ती खांबापर्यंत सुसाट जायची आणि खांबाशी अडखळायची. एकदा, दोनदा, तीनदा. समोरची मुलगी प्रत्येक वेळी निसटत होती. मी टाळ्या वाजवत होते, कारण तेवढंच करायची परवानगी होती, आणि मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. काल रात्री पाच मिनिटं हसण्याऐवजी सुधीरला फोन केला असता तर?

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडून आवाज आला, "खांब धर, वळ!"

खांबाच्या मागे तारेची जाळी होती आणि जाळीपलीकडे रस्ता. रस्त्यावर चहाच्या गाड्याशेजारी, खांबाच्या बरोबर रेषेत, अप्पा उभे होते. हात अंगाला चिकटवलेले, मान ताठ, काखेत फाइल. अगदी गच्चीवर उभे राहायचे तसेच. मुक्ता धावत खांबाकडे निघाली होती. तिनं मान वर केली, खांब धरला, गर्रकन वळली आणि समोरच्या मुलीच्या पाठीवर थाप मारली. मग सगळं मैदान आणि निम्मा रस्ता ऐकत होता. अक्का जाळीपाशी गेल्या. अप्पांनी खिशातून नियमावली काढून दाखवली. ओरडण्याची मनाई 'प्रवेश दिलेल्या प्रेक्षकांना' होती. त्यांना प्रवेश दिला नव्हता. अक्कांनी दोनदा वाचलं आणि हसत परत आल्या. चहावाल्यानंही मग अप्पांबरोबर ओरडायला सुरुवात केली. मला फक्त टाळ्या.

आम्ही एका गुणानं हरलो. मुक्ता रडत येईल असं वाटलं होतं. ती माझ्याकडे आलीच नाही, सरळ जाळीकडे पळाली. मी पोचले तेव्हा ती धापा टाकत म्हणत होती, "अज्जा, प्रत्येक वळणाला दिसत होतास तू." अप्पांना उत्तर द्यायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली. आवाज पार बसला होता.

आता याचा व्यावहारिक परिणाम ऐका. त्या दिवसांत घसा बसलेला माणूस घेऊन बसमध्ये चढायचं म्हणजे काय असतं! आमच्याभोवती चार-चार खुर्च्या रिकाम्या झाल्या. जाताना बबल पाळायला दोन हजार रोजचे मोजले, येताना फुकट मिळाला. सप्तापुरात तर समोरच्या काकूंनी दार लावून खिडकीतून चौकशी केली. शेवटी अप्पांनी पुन्हा नाकात काडी घालून घेतली. निगेटिव्ह. तो रिपोर्ट फाइलमध्ये लावला, शिक्का न मारता. तुम्ही असे कुठे सामना बघायला जाणार असाल तर माझा सल्ला एवढाच, की प्रमाणपत्र ज्याचं, नंबरही त्याचाच असू द्या, आणि नक्षीवर शिक्का मारू नका.

गोवा अजून व्हायचाय. काय शिल्लक राहिलं म्हणाल तर गिरमिटची चव, मॅनेजरचा चेहरा, आणि त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेली मी. ती काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

सोमवारी संध्याकाळी गच्चीवर धावण्याचा आवाज आला. वर गेले तर मुक्ता सराव करत होती. अप्पा खांब होऊन उभे होते, मुके, हातानंच वळायला सांगत होते. पलीकडच्या टोकाला सिलिंडर. साडेसहाला माझा ऑनलाइन तास होता. मी मुलांना मेसेज टाकला की आज तास नाही, सिलिंडर उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी हात अंगाला चिकटवून उभी राहिले. मुक्ता धावत आली, माझा दंड धरला आणि वळली.