काकांचा चीनवरचा राग

माझ्या काकांचा चीनवर राग आहे, आणि तो ऐकायला मला मनापासून आवडतं. टेमघरला आमचे कापड विणायचे लूम आहेत. चीनचं स्वस्त कापड बाजारात आलं आणि त्यातले निम्मे बंद पडले. तेव्हापासून चीनचं नाव निघालं की काका सरसावून बसतात. पण नुसत्या शिव्या देत नाहीत. कोणी तिकडच्या कापडाचा तुकडा आणला की आधी चिमटीत चोळून बघतात, मग कडेचा धागा ओढून काडीनं जाळतात, वास घेतात. त्यानंतरच तोंड उघडतात.

"कापड चांगलं हाय, मी न्हाय म्हनत न्हाय. पन सुताच्या भावात तयार कापड परवडंल कसं? त्यांचं सरकार मागनं पैसा घालतंय. मंग हितला लूमवाला मरनारच."

एकदा मी मुद्दाम खोड काढली. "त्यांनी काय केलं म्हणजे तुमचा राग जाईल, काका?"

"भाव खरा लावावा. मंग माझं काय भांडान न्हाय."

मी खूश झाले. ज्या रागाला जायची वाट आहे तो द्वेष नव्हे, असं ठरवूनही टाकलं. असं घाईनं ठरवून मोकळं व्हायची मला खोडच आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या मालकीच्या चाळीतली एक खोली रिकामी झाली. ती बघायला मानकोलीच्या गोदामात पार्सलं स्कॅन करणारी एक मुलगी आली. तिच्या घरमालकानं तिला महिनाअखेर बाहेर पडायला सांगितलं होतं. बारीक डोळे, चपटं नाक, पाठीवर सॅक. काका ओट्यावर बसले होते. ती फाटकात असतानाच म्हणाले, "चिन्यांना खोली न्हाय."

धागा जाळल्याशिवाय कापडाला नाव न ठेवणारा हा माणूस! माझं डोकंच फिरलं. "काका, तुमचे लूम काय हिनं बंद पाडले?"

"तोंड बघ ना तिचं."

गोदामात काम करून मुलीला तेवढं मराठी कळत होतं. "अंकल, मैं मणिपुर की हूँ. इंडिया की."

काका चपापले आणि लगेच खुलले. "अरे, पहले बोलना था! तू तो अपनीच है." त्यांनी आत हाक मारून काकूला चहा टाकायला सांगितलं. मलाही हायसं वाटलं. भांडण मिटलं, असंच मी समजले.

मुलगी मात्र पायरी चढली नाही. "और चाइना की होती तो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वेळात मलाही तो प्रश्न सुचला नव्हता हे माझ्या लक्षात आलं. खोली हवेशीर होती, गोदामाची बस कोपऱ्यावर थांबत होती, तिला ती हवीच होती. तरी आत न येता ती आधी उत्तरासाठी थांबली. काकू चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मुलगी फाटकाबाहेर पडली होती आणि काका अजून माझ्याकडेच बघत होते.