बॅटरी काढली तरी जळका वास

बॅटरीच काढून बाहेर ठेवली, तरी गाडीतून जळका वास येतच होता. बावीस वर्षं वर्ध्यात गाड्यांचं वायरिंग करतोय, पण करंटच नसताना जळतंय काय? डोकं चालेनासं झालं.

गाडी वानखेडे काकांची. कापसातली सरकी काढून गाठी बांधतात त्या जिनिंगमधून ते सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. मग जुनी व्हॅन घेऊन आत पलंग, पंखा, फ्रिज बसवला. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन चिखलदऱ्याला निघायचं, गाडीतच झोपायचं, असा बेत होता.

"वायर तर थंड आहे, काका."

"मंग वास काऊन येऊन राह्यला?"

"मले समजलं असतं तर सांगितलं नसतं का?" मी चिडलोच.

डॅशबोर्ड उघडला, सीटा काढल्या. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. शेजारी उभ्या वानखेडे काकू पलंगावर चढल्या, मागच्या प्लायच्या भिंतीला हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"अवो, हे त तापलं!"

"याच्या मागं काय भरलं?" मी विचारलं.

"कापूस. ऊन लागू नये म्हणून. घरचाच होता," काका म्हणाले.

मी स्क्रूड्रायव्हर लावला, तोच ते ओरडले, "थांब! आंधी पाणी आण. कापूस आतून धुमसते, हवा लागली का भडकते."

दोन बादल्या भरल्या, मगच प्लाय काढला. आत काळाठिक्कर कापूस, मध्ये लाल निखारा. दोन्ही बादल्या ओतून विझवला. फ्रिजची वायर पत्र्याच्या भोकातून नेलेली, भोकाला रबर नाही. वायर घासून सोलली, पत्र्याला टेकली, ठिणगी पडली. एकदा पेटलेल्या कापसाला बॅटरी कशाला लागते?

काका पायरीवर बसले. "जिनिंगच्या गेटवर लोकायच्या बिड्या काढून घेत होतो मी. अन् नातीच्या उशाशी कापूस भरला."

पण चूक एकट्या काकांची नव्हती. आठवड्यापूर्वी त्याच फ्रिजचा फ्यूज तीनदा उडाला होता. काकांना घाई होती, मलाही होती. वायर न तपासता मी पंधराच्या जागी तीस अँपियरचा टाकला, म्हणून वायर पत्र्याला टेकली तरी तो उडाला नाही. शरमेनं जीव अर्धा झाला, पण सांगून टाकलं.

चिखलदरा राहिला. आता त्या भिंतीत कापसाऐवजी न पेटणारं ग्लासवूल आहे, भोकांना रबर आहे, दाराशी आग विझवायचा सिलिंडर आहे. वायरमध्ये घोळ झाला की उडायचं, एवढंच फ्यूजचं काम. हे मी गिऱ्हाइकांना रोज फुकट सांगतो.