‘विधवा’ नावाचा पेग

मित्रांनो, दुपारपासून फोन हातात घेतोय आणि खाली ठेवतोय. शेवटी इथे लिहितोय.

आज दिल्लीत, आर. के. पुरमला माझ्या घरी आमच्या मराठी ग्रुपचं जेवण होतं. आमचा मित्र दिलीप वारल्यानंतर त्याची बायको, सुमनवहिनी, पहिल्यांदाच आल्या होत्या, अळूवड्या घेऊन.

ऑफिसातल्या नव्या अमितला मी सवयीने विचारलं, "व्होडका कशी घेणार? विधवा चालेल?"

"विधवा क्यों, सर?"

मी रंगात येऊन सांगितलं, "नुसतं पाणी घालायचं. ना कोला, ना ज्यूस. ग्लासात रंगच नाही, म्हणून विधवा!"

कुणीच हसलं नाही. मागे वळलो, तर पिवळ्या साडीतल्या वहिनी प्लेट घेऊन उभ्या.

त्यांनी हळूच विचारलं, "भावजी, हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलं होतं का हो?"

नाव मी ठेवलं होतं. दिलीप तर दर वेळी म्हणायचा, "यार, हे नाव बदल."

मी म्हणालो, "हो, वहिनी."

त्या न जेवताच घरी गेल्या.

खरं सांगायला फोन तर करायलाच हवा. पण कुठल्या तोंडाने करू, सांगा.