डबलमामा आणि ‘खा’ म्हणणाऱ्या बाई

माझ्या मामाला कुठलीही गोष्ट एकदा सांगून भागत नाही. छापखान्यात त्याचं उभं आयुष्य मोठ्या मशीनला खेटून गेलं. त्यात डावा कान पार गेला आणि उजवा अर्ध्यावर आला. तिथली माणसं त्याला सगळं दोनदा सांगायची, म्हणून नाव पडलं डबल. आम्ही घरी डबलमामा म्हणतो. तो कधी चिडत नाही. चिडायला आधी ऐकू तर यायला पाहिजे!

त्याची खरी कला पुढेच आहे. अर्धं ऐकू आलं की उरलेलं तो आपल्या मनानं जुळवतो, आणि जुळवतो ते हमखास स्वतःच्या सोयीचं. “अहो, पंखा पुसायचाय,” असं मामी ओरडली की त्याला फक्त पंखा ऐकू यायचा, आणि हा पठ्ठ्या बटण दाबून पंख्याखाली आडवा व्हायचा. मामी म्हणायची, “यांचा कान बहिरा नाही गं, लबाड आहे.”

मामी गेली आणि मामाचं जेवणच उडालं. ताटावर बसायचा, दोन घास घ्यायचा आणि म्हणायचा, “झालं माझं.” मामी असताना ती त्याच्या उजव्या हाताला बसायची. त्याचा हात थांबला की कानाशी वाकून म्हणायची, “खा.” बस, एवढंच. आणि मामा निमूट खायचा. आम्ही मात्र भाषणं ठोकायचो. मामा, असं कसं चालेल, मामा, तब्येतीकडे बघ, मामा, तुला काय करून देऊ. त्यातलं त्याला किती ऐकू यायचं देव जाणे.

मी शिवणकाम करते, त्यामुळे मामा वाळतोय हे मला डोळ्यांच्या आधी टेपनं सांगितलं. तो पँट घेऊन यायचा, “कंबर आत घे,” म्हणायचा आणि खुर्चीत बसून राहायचा. मी आत घ्यायची. थोड्या दिवसांनी तीच पँट पुन्हा हजर. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. पँट कितीही आत घेतली तरी मी ती माया कापली नाही. म्हटलं, राहू दे, लागेल कधीतरी.

त्यात माझा मामेभाऊ, मामाचा एकुलता एक मुलगा, दुसऱ्या गावाहून आला आणि बापाला बघून हबकलाच. “बाबा, पुढच्या वेळी आलो आणि तुम्ही असेच दिसलात, तर बॅग भरून घेऊनच जाणार,” असं त्यानं दोनदा सांगितलं. मामाला ते पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. ते काही त्याला सोयीचं करून घेता आलं नाही.

कारण मामाला ती जागा सोडायची नव्हती. त्याच्या दोन खोल्या छापखान्याच्या बरोबर वर आहेत. खाली मशीन चालू झालं की वरची फरशी बारीक थरथरते, आणि मामा चपला काढून त्या फरशीवर पाय टेकून बसतो. कानानं ऐकत नाही, तळव्यांनी ऐकतो. मध्येच म्हणतो, “कागद अडकला,” आणि खरंच खाली मशीन थांबलेलं असतं. मुलाचं घर चांगलं आहे, उंचावर आहे, हवा आहे. पण तिथली फरशी गप्प असते. “मी तिथं काय ऐकू?” असं मामानं मला विचारलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला सायकलवाल्याचं दुकान होतं. तिथं एक थाई रेस्टॉरंट निघालं. पिवळे दिवे, बोटावर मोजण्याइतकी टेबलं, काचेत प्लास्टिकची फुलं. एक बाई चालवते, तिचा भाऊ आत स्वयंपाक करतो. एका संध्याकाळी मामानं माझ्या घरी दोन घासांत ताट सरकवलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, “माझ्या हातचं नको ना? मग ऊठ! चल, परक्या हातचं खा.” आणि दंडाला धरून त्याला तिथं नेऊन बसवलं. कोपऱ्यातलं टेबल मिळालं. मामाच्या डाव्या हाताला भिंत होती, म्हणजे कुणीही आलं तरी उजव्या कानाकडूनच येणार.

बाई आल्या, हात जोडले, हसल्या आणि म्हणाल्या, “सवात-दी खा.”

मामा दचकला. “काय म्हणाली?”

“नमस्कार म्हणाल्या असतील.”

“छे! सवडीनं खा म्हणाली. स्पष्ट ऐकू आलं मला.”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. बाईंना आमची भाषा येत नाही आणि आम्हाला त्यांची. गल्लीत सगळ्यांशी बोलताना चालते ती तिसरीच भाषा आम्हा सगळ्यांना कामापुरती येते, आणि मामाला तीही अर्धीच ऐकू येते. त्यामुळे बाई आपल्या भाषेत काय काय बोलायच्या, ते त्याच्या डोक्यावरून जायचं. वाक्याच्या शेवटचा तेवढा “खा” घंटा वाजावी तसा कानात पडायचा. पाणी ठेवलं, काहीतरी काहीतरी खा. भात ठेवला, काहीतरी खा. करीचा वाडगा ठेवला, खा.

वाडग्यात नारळाच्या दुधाचा हिरवा रस्सा होता. मामानं त्यातून एक काडी चिमटीत धरून बाहेर काढली, प्रूफ तपासावं तशी उजेडात धरली आणि म्हणाला, “ही तर गवती चहाची पात! रश्श्यात चहा?” तेवढ्यात बाई जाता जाता काहीतरी खा म्हणून गेल्या, आणि मामानं चमचा तोंडात घातला. मग दुसरा.

“ही बाई बरी आहे,” मामा म्हणाला. “तुझ्यासारखी भाषणं करत नाही.”

बाई आतल्या खिडकीशी जाऊन कुणाचं काय हवं ते ओरडून सांगायच्या आणि आतून त्यांच्या भावाचा दणदणीत आवाज यायचा, “ख्रप!” मामानं कान टवकारले. नूडल्स सांगितल्या, ख्रप! सूप सांगितलं, ख्रप!

“अगं, हा आतला सगळ्यालाच खराब म्हणतोय.”

“असं कसं म्हणेल मामा?”

“म्हणतोय ना! ती म्हणते खा, तो म्हणतो खराब. बहीणभावाचं पटत नसणार.” मग थोडा विचार करून म्हणाला, “पण माणूस प्रामाणिक आहे हं. स्वतःच्या स्वयंपाकाला खराब म्हणणारा आचारी पाहिलायस कधी? अशाच्या हाताला चव असते.” आणि नूडल्स मागवल्या.

निघताना तर कहरच झाला. दारापर्यंत आलो, मी पिशवी खांद्याला अडकवली, बाईंनी हात जोडून वाकून आभार मानले, “खॉप खुन खा.” मामा जागच्या जागी थांबला. “खूप खूप खा म्हणतेय गं!” आणि मागे फिरून परत त्याच खुर्चीत जाऊन बसला. मग आंबा घातलेला गोड चिकट भात आला आणि तोही गेला पोटात. मी पिशवी खांद्यालाच ठेवून समोर बसले आणि बावळटासारखी हसत राहिले. इतक्या दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

नंतर मी एकटी जाऊन बाईंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, तो मान द्यायचा शब्द आहे, बायका प्रत्येक वाक्याला लावतात. पुरुष त्याच जागी ख्रप म्हणतात, आणि नुसतं हो म्हणायचं असलं तरी ख्रप. कशाला विचारताय, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, काही नाही, सहजच. आणि मूग गिळून गप्प बसले. कशाला कुणाच्या तोंडचा घास काढायचा?

मामा संध्याकाळ झाली की शर्ट इस्त्री करून तिकडे निघायचा. एकदा पँट घेऊन आला आणि म्हणाला, “कंबर सोड जरा.” मी शिवण उसवली, आतली माया बाहेर काढली आणि मशीनवर बसून घळाघळा रडले. मामाला वाटलं मला सर्दी झालीये. म्हणाला, “तिथलं सूप पी, नाक मोकळं होतं.”

मग मामेभाऊ आला. येताना मोठी रिकामी बॅग घेऊन आला, बापाचे कपडे न्यायला. बापाची तब्येत बघून खूश झाला, पण त्याचा विश्वास बसेना. “जेवता कुठे?” मामानं मोठ्या ऐटीत त्याला तिथं नेलं, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं आणि बाई येऊन गेल्यावर म्हणाला, “ऐकलंस? रोज सांगते. सवडीनं खा, खूप खूप खा.”

माझा हा भाऊ कामानिमित्त त्यांच्या देशात जाऊन आलेला. मी टेबलाखालून त्याला पाय मारला, पण हा शहाणा कसला थांबतोय! “बाबा, ती खा म्हणत नाही,” म्हणाला. ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला. “त्यांच्यात तो मानाचा शब्द आहे. सगळ्यांनाच म्हणते ती. खराबही नाही, ते नुसतं हो आहे. गैरसमजावर किती दिवस जेवणार तुम्ही? चला माझ्याकडे.”

मामानं चमचा खाली ठेवला.

“म्हणजे ती मला नाही म्हणायची?”

“नाही बाबा.”

मामानं वाडगा सरकवला. “झालं माझं,” म्हणाला.

पुन्हा तेच दोन शब्द! “मिळवलंस!” मी भावावर कडाडले. “आता भर तुझी बॅग!” बिचारा पांढराफटक पडला. त्याला तरी काय ठाऊक! त्यानं मामीला ताटाशी बसून खा म्हणताना ऐकलं होतं, पण त्याचं काय एवढं, असंच त्याला वाटत आलं होतं.

माझा आवाज ऐकून बाई धावत आल्या. वाडगा बघून त्यांचा चेहरा पडला. आवडलं नाही का, त्यांनी त्या तिसऱ्या भाषेत विचारलं. मग मी म्हटलं, आता लपवून काय करायचंय, आणि सगळं सांगून टाकलं. आमच्यात खा म्हणजे काय, खराब म्हणजे काय, सगळं. बाई आधी बघतच राहिल्या. मग तोंडावर हात ठेवून अशा हसल्या, अशा हसल्या की खुर्चीला धरून उभं राहावं लागलं. त्यांनी भावाला हाक मारली. तो डाव हातात घेऊनच बाहेर आला. आपण इतके दिवस काय ओरडत होतो ते कळल्यावर त्यानं डोक्याला हात लावला, आणि शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा हसायला लागली. मामा तेवढा भिंतीकडे बघत बसला होता.

हसू ओसरल्यावर आचारी परत आत गेला आणि बाईंनी मला विचारलं, “घरी यांना असं कोण म्हणायचं?”

मामी उजव्या हाताला बसून कानाशी कशी म्हणायची, ते मी सांगितलं.

बाई पुढे झाल्या. मामाच्या उजव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत. सरकवलेला वाडगा त्याच्यापुढे ठेवला, त्याच्या कानाशी वाकल्या आणि आमच्या भाषेत म्हणाल्या, “खा.”

आधी त्यांच्या भाषेतलं एक अक्षर नव्हतं. नुसतं खा.

मामानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “हे मला ना गं?”

“तुला, मामा. तुलाच,” मी दोनदा सांगितलं.

मामानं चमचा उचलला. एक घास घेतला, गिळला, पाठ ताठ केली आणि आतल्या खिडकीकडे बघून सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं ओरडला, “खराब!” आतून आचाऱ्याचा आवाज आला, “खराब!” अख्खं हॉटेल हसलं. माझा भाऊ हसत होता आणि रुमालानं डोळे पुसत होता, आणि तिखट लागलं असं खोटंच सांगत होता.

बॅग रिकामीच परत गेली. निघताना भाऊ दारात घुटमळला. आजवर बापाला तो औषध घेतलंत का आणि दार नीट लावता ना, एवढंच विचारत आलेला. तो मामाच्या उजव्या बाजूला आला, वाकला आणि म्हणाला, “खा हं, बाबा.”

आता तो रोज संध्याकाळी फोन करतो. मामाला नीट ऐकू यावं म्हणून तिकडून कोकलतो, “बाबा, खा!” आणि मामा इकडून गरजतो, “खराब!” परवा खाली छापखान्यातला मशीनवाला जिना चढून वर आला. त्याला वाटलं, बापलेकाचं रोज भांडण होतंय. “काय डबल, मुलगा काय म्हणतोय?” त्यानं दोनदा विचारलं.

“खा म्हणतोय,” मामा म्हणाला. “मलाच म्हणतोय. मी नीट ऐकलंय.”